गांजा, मेंदू आणि आक्रमकता
जुना प्रयोग : गांजावरील ब्रिटिश आयोगाची (1893-94) चौकशी डहाणू ज्यात मोडत असे त्या मुंबई इलाख्यातही झाली. आयोगासाठी कोलकात्यात डॉ. कनिंगहॅम यांनी माकडाला काही महिने गांजाचा धूर दिला. मेंदूत विकृती आढळली नाही. मात्र तेव्हा मेंदूतली रसायने मोजता येत नव्हती.

मेंदूत काय घडते : टीएचसी हे मुख्य नशाद्रव्य 1964 मध्ये वेगळे केले गेले. ते सीबी-1 ग्राहींना चिकटते, ग्लुटामेट व गाबा या संदेशवाहकांचा स्राव रोखते आणि डोपामिन वाढवते.

आक्रमकता : एरवी टीएचसी दिलेले उंदीर कमी भांडतात. पण उपाशी ठेवलेले किंवा झोप मोडलेले उंदीर टीएचसी दिल्यावर चवताळून एकमेकांवर तुटून पडतात. म्हणजे परिणाम मात्रेइतकाच प्राण्याच्या अवस्थेवरही ठरतो.

कोवळे वय : वयात येताना टीएचसी मिळालेल्या उंदरांची स्मृती व सामाजिक वर्तन मोठेपणीही बिघडलेले दिसते. हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी डहाणू-तलासरीतल्या शाळा, आश्रमशाळा आणि पालकांनी हा इशारा गांभीर्याने घ्यायलाच हवा.

मदत : राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446