जुनी टूरिंग बाइक हायवेवर डोलते? आधी हे तपासा

बडोदा : जीजे-०६ पासिंगची सेकंडहँड टूरिंग बाइक घेताना इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात, हँडल फारसं कुणी बघत नाही. मग राष्ट्रीय महामार्ग ४८ वर ट्रकशेजारून जाताना गाडी डोलायला लागते. अशा वेळी थेट शॉकअप बदलायची घाई नको. बिनखर्चाचं आधी तपासावं.

टायर : टायर थंड असताना कंपनीने सांगितलेली हवा भरा. बाजूवरचे चार अंक वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. मधोमध सपाट झालेला टायर वळणावर गाडी नीट झुकू देत नाही.

कोनसेट : पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल हळू फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं, तर कोनसेट गेला. फोर्क पुढे-मागे ओढल्यावर खटखट झाली, तर तो ढिला आहे.

मागचं चाक : आडवं हलवून पाहा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश तपासून घ्या. चेन ताणताना दोन्हीकडच्या खुणा जुळल्या नाहीत, तर चाक तिरकं बसतं.

सामान : जड वस्तू मागच्या पेटीत उंचावर नको. डबलसीट जाताना शॉकअपचा प्रीलोड वाढवा.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा. म्हणजे दोष नेमका कुठे होता, ते कळतं.

धावत्या गाडीचं हँडल थडथडलं, तर ते आवळू नका, जोरात ब्रेकही मारू नका. गुडघ्यांनी टाकी धरा आणि एक्सलेटर हळूहळू सोडा.