सोळा घरांची पेटी

ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत शिकागोत नव्हे तर मुंबईत जन्मलं, असं 2010 पासून देशोदेशीच्या नियतकालिकांत पुन्हा पुन्हा छापून आलं आहे. पुरावा म्हणून एक तबकडी दाखवली जाते: चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, एचएमव्ही, 1982. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ बाजारात आली ती 1987 साली. दोन्हींत एकच जपानी यंत्र वाजतं, रोलंड कंपनीचं टीबी-303. पाच वर्षांचं अंतर मुंबईच्या बाजूने पडतं, त्यामुळे हा दावा आपल्याला सुखावतो यात नवल नाही. तारखाही खऱ्या आहेत. तरीसुद्धा ज्या शब्दांत तो मांडला जातो त्या शब्दांत तो टिकत नाही, आणि तसा मांडल्यामुळे चरणजित सिंगांनी खरोखर जे केलं ते झाकलं जातं, असं माझं मत आहे. ते पटवायचं तर आधी यंत्राकडे नीट पाहायला हवं.

इकुतारो काकेहाशी यांनी 1972 साली ओसाकात रोलंड ही कंपनी काढली. तिच्या तादाओ किकुमोतो या अभियंत्याने 303 ची रचना केली. फूटभर लांब, त्याच्या निम्मी रुंद, किलोभर वजनाची, चांदीच्या रंगाची प्लॅस्टिकची पेटी. चार मोठ्या सेलवर चालणारी. खालच्या अंगाला एका सप्तकाची तेरा बटणं, वर बोटाच्या पेराएवढ्या घुंड्यांची रांग. घरी एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला बेस गिटारची साथ मिळावी, एवढाच तिचा उद्देश होता; आपल्याकडे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात तसा. ठेक्यासाठी टीआर-606 ही जोडीची पेटी होती. 1981 च्या अखेरीस 303 विक्रीला आली आणि 1984 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जेमतेम दहा हजार नग निघाले. अमेरिकेत तिची किंमत 395 डॉलर होती. ज्यांनी एवढे मोजले त्यांना हवा होता बेस गिटारचा आवाज, आणि तो काही हिच्यातून येत नव्हता.

आवाजाहून अवघड होतं ते तिच्यात सुरावट भरणं. सूर वेगळे भरायचे आणि लय वेगळी. आधी एकेक बटण दाबून नुसते सूर ओळीने सांगायचे, त्यांत काळाचा हिशेब नाही. मग सोळा घरं एकेक करून मोजायची आणि प्रत्येक घरात नवा सूर येणार, आधीचाच लांबणार, की घर रिकामं राहणार हे सांगायचं. यंत्र दोन्ही याद्या जुळवतं. एक सूर राहून गेला की पुढचे सगळे एकेक जागा सरकतात आणि मनातल्या सुरावटीऐवजी भलतीच ऐकू येते. तयार बेसवादकाला हा जाच वाटला, कारण त्याच्या हातात सूर आणि लय कधी वेगळे झालेलेच नसतात. पण याच भरणीत प्रत्येक सुराला दोन खुणा करता येतात, आणि या पेटीचा प्राण त्या दोन खुणांत आहे. पहिली आघाताची. आघात दिलेला सूर मोठा होतोच, शिवाय त्याच्यापुरता आवाज गाळणारा फिल्टर अधिक उघडतो. आघात लागोपाठ आले तर आतल्या मंडलातला भार पुरता उतरायच्या आत पुढचा येऊन पडतो, त्यामुळे तिसरा दुसऱ्यापेक्षा आणि चौथा तिसऱ्यापेक्षा चढत जातो. भरताना सगळे आघात सारखेच असतात. चढ यंत्र स्वतःहून निर्माण करतं. दुसरी खूण घसरणीची. ती असली की एका सुराचा विद्युतदाब पुढच्या सुरावर उडी न मारता वाहत जातो, आधी झपकन, मग रेंगाळत. या वेळात सूर नव्याने सुरू होत नाही. आवाज एकच राहतो, फक्त त्याची उंची बदलते.

सतारीवर मींड घेताना उजवा हात तार एकदाच छेडतो आणि डावा हात ती पडद्यावर ओढून दुसरा सूर काढतो. दुसऱ्या सुराला स्वतंत्र छेड नसते, म्हणून तो पहिल्यातूनच उगवल्यासारखा लागतो. 303 ची घसरण तत्त्वतः हेच करते. यावर जाणकार लगेच म्हणेल की मींडेला स्वतःची गती असते. कलावंत वाटेत थांबतो, श्रुतीला स्पर्श करतो, परततो. हे बरोबर आहे. 303 मध्ये शेजारच्या सुरावर जायचं असो की अख्खं सप्तक ओलांडायचं असो, घसरणीचा वेळ तेवढाच, सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास. तिला मींड म्हणणं जास्त होईल. पण पाश्चात्त्य कळफलकाची सवय झालेल्या कानाला जी घसरण विचित्र वाटत होती, ती आपल्याकडच्या कानाला ओळखीची होती, एवढं निश्चित म्हणता येतं.

चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंतले वादक. राहुलदेव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांकडे त्यांनी गिटार, बेस गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजवला. 1982 च्या तबकडीसाठी त्यांनी तीन रोलंड यंत्रं एकमेकांना जोडली: ठेक्यासाठी टीआर-808, खालच्या सुरावटीसाठी 303 आणि वरच्या स्वरविस्तारासाठी ज्युपिटर-8. दहा राग निवडले: भैरव, ललित, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. राग या पेट्यांना मानवला, आणि त्यामागे कारण आहे. 303 एका वेळी एकच सूर काढते, तिच्यात स्वरसमूह वाजत नाहीत. पाश्चात्त्य गाण्याला ही उणीव, कारण तिथे बेसचं काम बदलत्या स्वरसमूहांचा पाया धरणं. रागाला स्वरसमूह लागतच नाहीत. षड्ज अढळ, त्याच्याभोवती ठरलेले सूर, आणि तेच आवर्तन पुन्हा पुन्हा. यंत्राची सोळा घरं आणि तीनतालाच्या सोळा मात्रा हा निव्वळ योगायोग आहे, कारण इथलं एक घर म्हणजे पाव मात्रा, आणि सम-खालीचा भेद तर पेटीला ठाऊकच नाही. पण एकाच जागी परत परत येण्यात कंटाळा नसून आधार असतो, ही समजूत या वादकाला बाहेरून आणावी लागली नाही. मालकंसात ऋषभ-पंचम नाहीत. सोळा घरांत ते भरायचेच नाहीत, की झालं. बाकीचं काम ज्युपिटरवरचे हात करतात, आणि ते हात मैफलीतल्या वादकाचे आहेत हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

शिकागोत जे घडलं त्याची जात वेगळी आहे. 12 जुलै 1979 रोजी तिथल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवला गेला आणि मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. शहरातल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांनी मात्र नाच सोडला नाही. डीजे फ्रँकी नकल्सच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये आणि पुढे डीजे रॉन हार्डीच्या ‘म्युझिक बॉक्स’मध्ये जुनी डिस्को नव्या यंत्रठेक्यांना जोडली गेली. याच वातावरणात जेसी सॉन्डर्सचं ‘ऑन अँड ऑन’ हे सुरुवातीचं हाउस गाणं 1984 साली आलं. फ्यूचरच्या तिघांकडे, म्हणजे डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांच्याकडे, 303 आली ती जुनी, स्वस्तात घेतलेली. सेल काढले की तिच्या स्मृतीत भलतेच सूर उरतात. तसल्याच एका बेढब सुरावटीवर पिएरने घुंड्या फिरवायला सुरुवात केली. कटऑफ, म्हणजे फिल्टरची मर्यादा, हळूहळू उघडायचा, रेझोनन्स, म्हणजे त्या मर्यादेजवळचा घुमारा, चढवायचा, परत मिटवायचा. गुरगुरणारा सूर पातळ होत चिरकायला लागतो, मग पुन्हा तळाशी जातो. निर्माता मार्शल जेफरसनच्या देखरेखीखाली मुद्रित झालेल्या ‘ॲसिड ट्रॅक्स’च्या अकरा-बारा मिनिटांत सुरावट जवळपास तीच राहते. बदलतो तो फक्त आवाजाचा पोत, आणि तोच इथे रचनेचा विषय आहे.

दोन्ही तबकड्या शेजारी ठेवल्या की मला वाटतं वादाचा निकाल लागतो. चरणजित सिंगांच्या तबकडीत केंद्रस्थानी राग आहे आणि 303 साथीला. फ्यूचरच्या तबकडीत साथीला ठेवायला दुसरं काही नाहीच. शिवाय शिकागोच्या पोरांनी मुंबईची तबकडी ऐकल्याचा कसलाही पुरावा नाही. ज्याच्यापासून पुढे काही निघालं नाही त्याला उगम म्हणता येत नाही. गंगा वाहते ती गंगोत्रीपासून, त्याच डोंगरातल्या दुसऱ्या झऱ्यापासून नव्हे. पण झरा खोटा ठरत नाही. एकाच पेटीतून पाच वर्षांच्या अंतराने दोन स्वतंत्र शोध लागले, आणि मुंबईच्या शोधाला ‘आद्य ॲसिड हाउस’ म्हणणं म्हणजे त्याला दुसऱ्याच्या नावाने ओळखणं. ‘राग आणि स्वयंचलित यंत्र यांचं जुळतं’ हे त्याचं प्रतिपादन होतं. ते आजही दुसऱ्या कोणी इतक्या नेमकेपणाने मांडलेलं नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सगळं श्रेय यंत्राला आणि उलट्यापालट्या झालेल्या स्मृतीला द्यायचं असेल, तर मग माणसांनी काय केलं? उत्तर ‘म्युझिक बॉक्स’मध्ये आहे. पिएरने मुलाखतींतून वेळोवेळी सांगितलेली हकीकत अशी की हार्डीने त्यांच्या या रचनेची टेप एकाच रात्री चार वेळा लावली. पहिल्यांदा नाचणारे गोंधळून बाजूला झाले. चौथ्यांदा तेच बेभान झाले. तबकडी निघायच्या आधीच तिची ध्वनिफीत शहरभर हार्डीच्या नावाने फिरत होती. सुरावट यंत्राकडून योगायोगाने मिळाली असेल. ती चार वेळा लावण्याचा निर्णय योगायोग नव्हता. मुंबईत नाचाची हौस कमी होती असंही नाही. ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसनच्या गाण्याने 1980 सालीच देशाला डिस्कोचं वेड लावलं होतं, आणि 1982 च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला. पण इथे नाचाचं गाणं पडद्यावरून यायचं. नुसत्या वाद्यांची, शब्द नसलेली, नट नसलेली तबकडी कोणी लावायची आणि पुन्हा कोणी लावायची? कोण्या पोराने घरी केलेली टेप त्याच रात्री हजार माणसांपुढे लावून पाहण्याचा अधिकार असलेला हार्डी मुंबईत नव्हता. एचएमव्हीची तबकडी दुकानात गेली, खपली नाही, आणि वादक आपल्या स्टुडिओच्या कामाकडे वळला.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. 1988 च्या उन्हाळ्यात लंडनच्या ‘शूम’ आणि मँचेस्टरच्या ‘हासिएंडा’ या क्लबांमधून शिकागोचा हा आवाज इंग्लंडभर पसरला, आणि 1994 साली ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यात पुनरावृत्त ठेक्यांच्या संगीताची व्याख्याच घातली गेली. नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स म्हणून जे जगभर गाजलं, त्यातही हीच चिरकणारी घसरण होती. युरोपच्या प्रवाशांबरोबर ती हणजुणच्या किनाऱ्यावर येऊन वाजत होती, तेव्हा काही शे किलोमीटरवरच्या मुंबईत रागांची ती तबकडी कोणाच्या आठवणीतही नव्हती. एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती 2002 साली दिल्लीत सापडली. त्याने 2010 मध्ये ती नव्याने काढली, तेव्हा काही जणांना हा आजच्या एखाद्या युरोपीय कलावंताचा बनाव वाटला. चरणजित सिंग तेव्हा मुंबईत राहत होते. नंतर ते युरोपात कार्यक्रमही करून आले आणि 2015 मध्ये मुंबईत वारले.

हा बनावाचा संशय मला फार बोचतो, कारण तो वाटायला आपणच जागा ठेवली होती. ज्या माणसाने दशकानुदशकं देशातल्या गाजलेल्या गाण्यांत वाजवलं त्याची नोंद सहज सापडेल अशा जागी नसावी, हे त्याच्या एकट्याचं दुर्दैव नाही. चित्रपटगीतांच्या तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत. वाद्यवृंदाची बहुधा नसत. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या संयोजकांनी त्या वाद्यवृंदाला आकार दिला. त्यांच्याविषयीचं मोठं संशोधन ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने 2008 साली पुस्तकरूपात आणलं. शिकागोत तरी सगळं आलबेल होतं असं नाही. तिथले हाउस कलावंत लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना ट्रॅक्स रेकॉर्ड्स या तबकडी कंपनीविरुद्ध 2020 मध्ये कोर्टात जावं लागलं आणि 2022 मध्ये तडजोड होऊन त्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या रचना त्यांच्या हाती परत आल्या. पण तिथे भांडायला निदान तबकडीवर छापलेलं नाव होतं.

यंत्राची काळजी आज जग घेतं. मूळ 303 ला जुन्या बाजारात काही लाख रुपये पडतात, तिच्यातल्या बंद झालेल्या चिपा शोधून काढल्या जातात, आणि 1997 च्या ‘रीबर्थ’ या संगणकीय प्रतिकृतीपासून रोलंडने स्वतः 2016 साली काढलेल्या टीबी-03 पर्यंत तिच्या नकलांची रांग लागली आहे. माणसांसाठी असं कोणी धावत नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंत पहिले सिंथेसायझर वाजवणारे काही वादक अजून आपल्यात आहेत. त्यांनी कुठलं यंत्र कुठून आणलं, कोणत्या गाण्यात लावलं, कोणती घुंडी कुठे ठेवली, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. तुमच्या ओळखीत असा एखादा वादक असेल तर मोबाइलवर का होईना, त्यांचं बोलणं मुद्रित करून ठेवा. आणि घरातल्या जुन्या तबकड्या रद्दीत देण्याआधी पाकिटाच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर एकदा वाचा.