आदामाचे पाप आणि पूर्वजन्मीचे पाप

वर्गात ‘मूळ पाप’ म्हटले की विद्यार्थी विचारतात, म्हणजे पूर्वजन्मीचेच ना? नव्हे. ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात देवाने निर्मिलेले जग चांगले आहे. स्त्री-पुरुष दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे. कुणी मुखातून, कुणी पायांतून निघालेले नाही. पुढे आदाम-हव्वेने आज्ञा मोडली. पण ‘मूळ पाप’ हा शब्द बायबलात कुठेच नाही. तो सिद्धान्त घडवला उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने (३५४-४३०). पौलाच्या रोमकरांस पत्रातला ग्रीक ‘कारण’ लॅटिन भाषांतरात ‘ज्याच्यामध्ये’ झाला, आणि अवघी मानवजात आदामातच पापी ठरली. पेलेजियसला हे पटेना. दुसऱ्याचा दोष तान्ह्या मुलावर कसा लादता? ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याचे मत धिक्कारले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने आदामाकडून मरण आले असे मानले, दोष नव्हे.

पेलेजियसचा प्रश्न मला आपला वाटतो. तरीही हे पाप सम्राटाच्या आणि गुलामाच्या माथी सारखेच आहे. त्यातून उच्चनीचता निघत नाही. कर्मसिद्धान्तातून ती निघते. पौलाच्या मते तारणही कुळाने वा पुण्याने नव्हे, ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणामुळे कृपेने मिळते. आणि इतके मानणाऱ्यांनीच तमिळनाडूत काही ठिकाणी कबरस्थानात जातीची भिंत घातली.