संगणकाला 'नांदेड'मध्ये फक्त न, द, ड का दिसतात?

ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव मराठीत लिहिले आणि खाली लाल अक्षरांत 'अवैध नाव' असे झळकले, तर दोष बहुतेकदा नाव तपासणाऱ्या एका ओळीच्या नियमाचा असतो. या नियमाला रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात रेजेक्स म्हणतात. 'फक्त अक्षरे चालतील', 'पिनकोडला सहाच अंक हवेत' अशा अटी त्यात असतात. त्या लावून पाहण्याचे काम रेजेक्स इंजिन करते.

पण 'अक्षर' कशाला म्हणायचे, यावर इंजिनांचेच एकमत नाही. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे चिन्ह म्हणजे 'बॅकस्लॅश डब्ल्यू'. जावास्क्रिप्टमध्ये त्यात इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर एवढेच बसते. देवनागरी सरसकट बाहेर. पायथॉन ३ देवनागरी ओळखते, पण काना, मात्रा, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे 'नांदेड'चे न, द, ड असे तीन तुकडे पडतात. लातूरचेही तेच: ल, त, र.

मग काही जण 'अ ते ह' अशी मर्यादा घालतात. बाराखडी शिकलेल्या कुणालाही ती पटेल. पण युनिकोडच्या तक्त्यात काना-मात्रा 'ह'नंतर येतात आणि अनुस्वार 'अ'च्या आधी. लातूर पुन्हा नापास!

खरी मेख नांदेड जिल्ह्यातल्या बाऱ्हाळीसारख्या नावांत आहे. यातला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन. दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारे चिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, इंजिनसाठी मात्र ती दोन वेगळी गावे. युनिकोडचे नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. एका कागदपत्रात एक रूप आणि दुसऱ्यात दुसरे असेल, तर नाव जुळत नाही आणि खेटे घालणाऱ्याला कारणही कळत नाही. त्यात एखाद्या प्रणालीने अदृश्य चिन्हे गाळली, तर गावाच्या नावावर रफारच चढतो.

अंकांची तऱ्हा आणखी वेगळी. नांदेडचा पिनकोड '४३१६०१' असा देवनागरीत लिहिला, तर 'बॅकस्लॅश डी'ची सहा अंकांची अट पायथॉनमध्ये पास होते, जावास्क्रिप्टमध्ये नाही. म्हणजे सर्व्हरला जे चालले असते, ते ब्राउझरच अडवतो.

उपाय आहे. जावास्क्रिप्टच्या २०१८च्या मानकापासून 'कोणत्याही लिपीतले अक्षर' आणि 'त्याला जोडलेली खूण' या दोन्ही गोष्टी नियमात मागता येतात. मात्र चाचणीच्या यादीत नुसते 'कमल' आणि 'मदन' ठेवून भागणार नाही. नांदेड हवे, लातूर हवे, बाऱ्हाळी दोन्ही प्रकारे हवी आणि 'ॲड.'सुद्धा, कारण तो 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आला २००८ साली आणि 'अ ते ह'च्या मर्यादेत तो बसतच नाही.