जुना गेमिंग कॉम्प्युटर : अपग्रेड करावा की थांबावं?

२०१७-१८ च्या सुमारास असेंबल करून घेतलेल्या कॉम्प्युटरवर आता नवा गेम टाकला की तो अडखळतो. दुकानात नेला तर ‘दादा, यात आता काही राह्यलं नाही, नवाच घेऊन टाका’ हे उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. मला हा सल्ला घाईचा वाटतो. अकोला-अमरावतीत पहिला प्रश्न उष्णतेचा, धुळीचा आणि विजेचा आहे. तो सुटल्यावर खर्च करायचाच असेल, तर शक्यतो अशा भागावर करावा जो उद्या नव्या कॉम्प्युटरमध्येही बसेल.

आधी ऊन आणि धूळ

पंखा चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, तो फक्त उष्णता बाहेर फेकतो. समजा तुमचं ग्राफिक कार्ड गेम खेळताना खोलीपेक्षा ४५ अंश जास्त तापतं. जानेवारीत खोली २२ अंशांवर असेल तर कार्ड ६७ वर राहील. मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ च्या पुढे आणि खोलीत ४० असेल तर तेच कार्ड ८५ वर जाईल. त्या सुमारास बरीच कार्डं स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणून दिवाळीत सुरळीत चालणारा गेम अक्षय तृतीयेला अडकतो, आणि आपण समजतो की कार्ड जुनं झालं.

कॅबिनेटची बाजूची पत्री काढून प्रोसेसरवरचा पंखा सोडवा. खालच्या पात्यांच्या फटींत धूळ आणि तंतू मिळून वाकळीसारखा जाड थर बसलेला दिसेल. वरून फुंकर मारून तो निघत नाही, ब्रशनं सोडवून ब्लोअरनं बाहेर काढावा लागतो. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. काही शे रुपयांच्या या कामानं तापमान बऱ्यापैकी उतरू शकतं, आणि ते केल्याशिवाय अपग्रेडचा निर्णय घेऊच नये.

कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. आपल्याकडे पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या पाण्याचा पांढरा थर कूलरच्या ताट्यांवर चढतो, आणि तेच पाणी तुषारांबरोबर बोर्डावर गेलं तर ओल आणि क्षार मिळून जोड गंजवतात. कूलर खिडकीत, कॅबिनेट बाजूला आणि हवा बाहेर जायला समोर दार उघडं, अशी मांडणी बरी.

अडतं कुठं ते बघा

एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना पडद्यावरचे आकडे वाचा. ग्राफिक कार्ड सतत ९७-९९ टक्क्यांवर असेल तर तेच कमी पडतंय. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि प्रोसेसरचे कोअर भरलेले आहेत, तर नवं कार्ड घेऊन फारसा उपयोग नाही. रॅम काठोकाठ भरून हार्डडिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर दुखणं तिसरंच आहे. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय असेल तर त्याची ४ जीबी मेमरी आधी भरते. टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणली की बऱ्याचदा झटके थांबतात, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

विंडोजची अट

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. जीटीएक्स १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणं बंद झालं, सुरक्षेच्या अपडेट मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत जाहीर आहेत. शिवाय ‘डूम : द डार्क एजेस’सारखे गेम रे ट्रेसिंगची सोय नसलेलं कार्ड चालवूनच घेत नाहीत. तुमचे आवडते गेम व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ एवढेच असतील, तर या शेवटच्या अटीनं घाबरून जायचं कारण नाही.

वीज आणि एसएमपीएस

संध्याकाळी व्होल्टेज खाली जाणं आणि मध्येच लाइट जाणं वऱ्हाडात नवं नाही. तरी कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस वर्षानुवर्षं तसाच चालवला जातो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. १०५० टीआय साधारण ७५ वॅटमध्ये भागवतं, म्हणून तो तगला. मोठं कार्ड लावल्यावर तोच एसएमपीएस गेम ऐन रंगात असताना कॉम्प्युटर बंद पाडतो, आणि जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. नामांकित कंपनीचा ५५०-६५० वॅटचा एसएमपीएस आज घेतला तर पुढच्या कॉम्प्युटरलाही चालेल. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, हेही लक्षात असू द्या. घरची अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

पैसे कशात घालावेत

हार्डडिस्कवर विंडोज असेल तर पहिला खर्च एसएसडीचा. ती जुन्या बोर्डावर चालते आणि नव्यावरही जाते.

रायझनवाल्यांचं नशीब चांगलं. एएम४ सॉकेटच्या २०१७ च्या अनेक बोर्डांवर बायॉस अपडेट करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड, रॅम, विंडोज सगळं तेच ठेवून मिळणारी एवढी मोठी उडी दुसरीकडे क्वचितच मिळते. आपला बोर्ड कंपनीच्या यादीत आहे का, तेवढं आधी पाहा. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचा बोर्ड असेल तर त्याच सॉकेटचा जुना आय७ शोधत फिरू नका. त्यात घातलेला पैसा पुढे कुठेच जात नाही.

कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ते चारच लेनवर चालतं, आणि पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर आणखी मागे पडतं. सेकंड हँड आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०६० चांगलं, पण बिल आणि सीरियल नंबर जुळवून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर त्या कामात राबलेली कार्डं बाजारात आली आणि ती अजून हातोहात फिरतात. दुपारच्या उन्हात अर्धा तास गेम चालवून दाखवा म्हणावं. वॉरंटीत कार्ड बिघडलं तर ते अमरावतीतच जमा होईल की नागपूरला पाठवावं लागेल, हेही पैसे देण्याआधी विचारा.

थांबणं कुणासाठी शहाणपणाचं

पूर्ण नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे आज बहुधा डीडीआर५ रॅम, आणि घोडं तिथंच अडतंय. एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी वळल्यानं २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्यानं चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशल या नावानं ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचं जाहीर केलं. डीडीआर४ सुद्धा महागली. तुमच्याकडे ८ जीबीची एकच पट्टी असेल तर ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरमधून निघालेली दुसरी शोधा. दोन पट्ट्या जोडीनं चालल्या की प्रोसेसरला दुप्पट रुंद वाट मिळते.

ज्याचा बोर्ड विंडोज ११ ला पात्र आहे त्यानं साफसफाई, एसएमपीएस आणि गरजेप्रमाणे एक भाग एवढ्यावर खुशाल दोन वर्षं काढावीत. ज्याचा पात्र नाही आणि कॉम्प्युटरवर बँकेची, कॉलेजची कामंही होतात, त्यानं विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावं. ती घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तेवढ्या काळात पैसे जमवून मग एकदम नवा संच घ्यावा.

‘जीटीए ६ येतोय’ म्हणून आज कर्ज काढून कार्ड घेणाऱ्यांना मात्र मी कळकळीनं थांबवीन. १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर झालेली तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी आहे. कॉम्प्युटरसाठीची तारीख त्या घोषणेत नव्हती, आणि कुठलं कार्ड लागेल याची यादीही नव्हती.