केकसाठी कोको पावडर कशी निवडावी?

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोको पावडरीवर लेख पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटेल. कुंदा आणि मांडे यांसाठी नावाजलेल्या बेळगावात केकची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु आज आपल्या पुष्कळ सभासदांच्या घरी मुलांचा वाढदिवस केकवाचून होत नाही. आणि आपल्या काही भगिनी घरी केक करून, विकून, संसाराला मोलाचा हातभार लावीत आहेत. त्यांचा एक केक बिघडला, तर दिवसाची कमाई बुडते आणि गिऱ्हाईकही तुटते.

हा विषय मला सुचला तो एका फजितीवरून. काही वर्षांपूर्वी विद्यार्थी साहाय्य निधीसाठी आम्ही बायकांनी आनंदमेळ्यात केक विकावयास ठेवले होते. कृती नेहमीची, माप नेहमीचे, हातही नेहमीचेच. फक्त कोको पावडरीचा डबा नवा, जास्त किमतीचा, आणि आतील पावडर छान गडद रंगाची. बारा केक केले. बाराही मध्ये बसले, आणि चवीला किंचित साबणासारखे लागू लागले. निधीत घालावयाचे पैसे शेवटी आम्हीच पदरचे घातले. कोणी मैद्याला दोष दिला, कोणी ओव्हनला. खरा प्रकार मागाहून कळला. पावडर उत्तमच होती; पण ती आमच्या कृतीला जुळणारी नव्हती.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी कोको पावडर कशी होते ते थोडक्यात पाहू. कोकोच्या फळातील बिया आंबवून, वाळवून, भाजून दळतात. या बियांत निम्म्याच्या आसपास चरबी असते. तिला कोको बटर म्हणतात. यंत्राने दाबून त्यातील बरीचशी चरबी काढली की जी पेंड उरते, ती दळून कोको पावडर तयार होते. असे यंत्र हॉलंडात आम्स्टरडॅम येथे निघाले. १८२८ साली कास्पारुस फान हाउटेन यांनी त्याचे पेटंट घेतले. पावडर पाण्यात नीट मिसळावी व तिचा तुरटपणा कमी व्हावा म्हणून तिला क्षार लावण्याची युक्ती त्यांचे पुत्र कुनराड यांची. म्हणूनच क्षार लावलेल्या कोकोला आजही ‘डच’ कोको म्हणतात.

तेव्हा कोको पावडर मुख्यतः दोन प्रकारची. पहिली साधी, म्हणजे क्षार न लावलेली. ती रंगाने फिकट तांबूस, चवीला थोडी आंबट व उग्र असते. पदार्थ आंबट की खारा हे दाखविणारा सामू सातच्या खाली असला तर पदार्थ आंबट. साध्या कोकोचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. दुसरी डच. तिचा सामू सात-आठपर्यंत चढलेला, रंग गडद आणि चव सौम्य. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गडद रंग म्हणजे जास्त कोको नव्हे. तो क्षाराचा परिणाम होय.

आता मुख्य मुद्दा. खायच्या सोड्याला आंबट पदार्थ भेटला की वायू सुटतो आणि केक फुगतो. ज्या कृतीत नुसता सोडा आहे व दुसरे काही आंबट नाही, तेथे ते काम साधा कोको करीत असतो. त्या जागी डच कोको घातला तर सोड्याला जोडीदार मिळत नाही. केक नीट फुगत नाही, आणि उरलेला सोडा साबणासारखा लागतो. आमचे नेमके हेच झाले. उलट, बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर आंबट द्रव्य आधीच मिसळलेले असते. म्हणून तिच्याबरोबर डच कोको खुशाल वापरावा. बिनअंड्याच्या केकमध्ये आपण दही, ताक किंवा व्हिनेगर घालतो. तेथे सोड्याची सोय झालेली असल्याने बहुधा कोणताही कोको चालतो. घरात डच कोकोच असेल, तर पाव चहाचा चमचा सोड्याऐवजी पाऊण चमचा बेकिंग पावडर घ्यावी.

दुकानात डबा हाती घेतल्यावर तीन गोष्टी वाचाव्यात.

पहिली, घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव साखरेचे असेल तर ते पिण्याचे चॉकलेट होय. त्याने केक गोडमिट्ट होईल, पण कोकोचा स्वाद येणार नाही. यादीत कोकोखेरीज काहीच नसेल, तर पावडर बहुधा साधी. ‘आम्लता नियामक’ असे लिहून पुढे ५०१ किंवा ५०० हा आकडा दिला असेल, तर ती क्षार लावलेली समजावी.

दुसरी, चरबी. शंभर ग्रॅममागे १० ते १२ ग्रॅम चरबीची पावडर नेहमीच्या केकला पुरते. २० ते २४ ग्रॅमची पावडर महाग, पण स्वादाने भरीव. ती ब्राउनीसारख्या पदार्थांना शोभते.

तिसरी, तारीख. जुन्या पावडरीचा वास मेलेला असतो.

लेबल फाटले असेल तर एक ढोबळ परीक्षा आहे. कोमट पाण्यात चमचाभर कोको कालवून चिमूटभर सोडा टाकावा. बारीक बुडबुडे येऊन फेस धरला तर साधा; जवळजवळ स्वस्थ राहिला तर डच.

किमतीविषयी दोन शब्द. आयव्हरी कोस्ट व घाना येथील पीक बिघडल्याने २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरांच्या वर गेला होता. अशा वेळी स्वस्त पुड्याचा मोह होतो, आणि तेव्हाच लेबल अधिक बारकाईने वाचावे. कोको आपल्या राज्यातही पिकतो. दक्षिण कन्नडच्या सुपारीच्या बागांत त्याची झाडे आहेत, आणि कॅम्पको या मंगळूरच्या सहकारी संस्थेने १९८६ साली पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना काढला. तेव्हा चांगला कोको परदेशी डब्यातच मिळतो, असे मानण्याचे कारण नाही.

घरी आणल्यावर पावडर हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, मसाल्यांपासून दूर ठेवावी. ती दुसरे वास चटकन ओढून घेते. वापरताना मैद्याबरोबर चाळावी, किंवा कृतीतील थोडे गरम पाणी अगर दूध तिच्यावर ओतून दोन-तीन मिनिटे ठेवावी. गुठळ्या मोडतात व स्वाद खुलतो.

सारांश, सर्वांत महाग कोको तो सर्वांत चांगला असे नव्हे. आपल्या कृतीशी जुळेल तो चांगला. पुढल्या वर्षी आम्ही आनंदमेळ्यात पुन्हा केक ठेवले. कृती तीच, पण डबा वाचून घेतलेला. दुपारपर्यंत सगळे संपले, आणि निधीत पैसे पडले ते गिऱ्हाइकांचे.