भक्षकाच्या पोटात

जागतिक क्षयरोग दिन २४ मार्चला पाळतात, कारण १८८२ साली त्या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिना गावी आणखी एक गोष्ट घडली, तिचा दिन कुणी पाळत नाही. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेलेली असताना इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमला होता. शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूला गिळायला धावणाऱ्या या पेशी. त्यांतल्या मोठ्यांना आपण महाभक्षक पेशी म्हणतो, इंग्रजीतून आलेलं नाव मॅक्रोफेज. मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली नोबेल मिळालं, कॉख यांना त्याआधी १९०५ मध्ये मिळालं होतं.

जंतू सापडला, त्याला खाणारी पेशीही सापडली; पण औषध यायला साठ वर्षं गेली. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. वयाची बाविशीही पुरी झाली नव्हती. त्यांचा आजार कशामुळे होतो हे तेव्हा विज्ञानाला ठाऊक होतं, आणि त्या माहितीचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता.

महाभक्षक पेशी जंतू गिळते, तर मग क्षय होतोच कसा? याचं उत्तर चमत्कारिक आहे. क्षयाच्या जंतूला गिळलं जायचंच असतं. रुग्ण खोकतो तेव्हा उडणारे थेंब हवेतच सुकतात आणि त्यांचे मिलिमीटरच्या हजाराव्या-पाचशेव्या भागाएवढे कण तासन्‌तास तरंगत राहतात. मोठे कण नाकाघशातच अडकतात. हे बारके थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे गस्त घालणारी महाभक्षक पेशी जंतूला पोटात घेते. एरवी पुढचा क्रम ठरलेला असतो. गिळलेला जंतू आवरणाच्या एका पिशवीत बंद होतो, त्या पिशवीला पाचकरसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशव्या येऊन चिकटतात, आतलं आम्ल वाढत जातं आणि जंतूचा चोथा होतो.

१९७१ मध्ये लंडनच्या आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या संशोधकांनी हा प्रकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पाचकपिशव्या ओळखू याव्यात म्हणून त्यांनी पेशींना लोहयुक्त प्रथिन पाजून ठेवलं होतं. मेलेले जंतू खायला घातले तेव्हा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. जिवंत जंतू घातले तेव्हा बहुतेक पाचकपिशव्या बाजूलाच थांबल्या, जवळ येईनात. म्हणजे जंतू आतूनच काहीतरी करत होता. आता ते काय हे बरंच कळलंय. पिशवीच्या आवरणावर ‘आता पचनाला पाठवा’ अशी खूण करणारा एक मेदरेणू असतो. जंतू एक विकर सोडून ती खूणच पुसून टाकतो. आम्ल भरणारा पंप तो दुसऱ्या विकराने दूर ठेवतो. पिशवी जेमतेम आंबट होऊन तशीच राहते, आणि जंतू तिच्यात साधारण वीस तासांत एकाचे दोन या मंद गतीने वाढत जातो. ई. कोलाय या जंतूला हेच काम अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत जमतं. क्षयाच्या जंतूला घाईच नाही.

त्याच्याकडे आणखी एक हत्यार आहे: पिशवीच्या आवरणाला इजा करून बाहेर पेशीरसात पोचवणारी प्रथिनं आणि ती सोडणारी यंत्रणा. याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ या दोघांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं गुरांच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि बैलाच्या पित्तावर पुन्हा पुन्हा, जवळपास २३० वेळा वाढवला. तो निस्तेज झाला आणि त्यातून बीसीजीची लस निघाली. निस्तेज का झाला, हे पुढे जनुकं वाचता आली तेव्हा उलगडलं: त्या हत्याराची जनुकं वाटेत गळून पडली होती. माझ्या मते विज्ञानातल्या चिकाटीचा याहून अस्सल नमुना शोधावा लागेल. तरीही ही लस मोठ्या माणसांच्या फुप्फुसाचा क्षय नीटसा अडवत नाही. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीने हे दाखवून दिलं होतं. लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून मात्र ती वाचवते.

जंतू पचला नाही की शरीर दुसरा डाव टाकतं. बाधित पेशीभोवती इतर पेशी जमून गाठ बनते आणि तिच्या मधोमध मेलेल्या पेशींचा चीजसारखा भुसभुशीत गर साठतो. पाठ्यपुस्तकं फार काळ सांगत होती की ही गाठ म्हणजे जंतूला केलेला तुरुंग. बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन (रायबोसोमसाठी २००९ साली नोबेल मिळवणारे वेंकी हे त्यांचे बंधू) यांनी या समजाला तडा दिला. त्यांनी क्षयाच्या जंतूचा माशांना होणारा भाऊबंद घेतला आणि झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लात सोडला. मेचनिकॉव्ह यांच्या अळीनंतर सव्वाशे वर्षांनी पुन्हा एकदा पारदर्शक प्राणीच कामी आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांत दिसलं ते असं: गाठीतली बाधित पेशी मरते, तिचं प्रेत उचलायला नव्या पेशी धावून येतात, एकेका प्रेतातून अनेकींना लागण होते आणि त्यांतल्या काही निघून दुसरीकडे नव्या गाठी मांडतात. निदान सुरुवातीच्या दिवसांत तरी गाठ जंतूच्याच फायद्याची.

पुढे पुष्कळांच्या बाबतीत मात्र लढत बरोबरीत सुटते. जगातल्या सुमारे चौथाई लोकांना कधी ना कधी ही लागण झालेली आहे, आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. जंतू आतमध्ये पेशीचंच कोलेस्टेरॉल खातो, प्राणवायू कमी पडला की जनुकांचा एक संच चालू करून वाढ जवळपास थांबवतो. डेन्मार्कमध्ये एका माणसाला १९९४ साली क्षय झाला तेव्हा त्याचा जंतू वडिलांच्या १९६१ सालच्या जपून ठेवलेल्या जंतूशी जनुकीय ठशांत जुळला. तेहतीस वर्षं तो आत गप्प होता. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण यांपैकी काही आलं की त्याला जाग येते. संधिवातासाठी टीएनएफ या रेणूला रोखणारी औषधं आली तेव्हाही दबलेला क्षय उसळला, आणि गाठ शाबूत ठेवायला तो रेणू किती लागतो हे माणसांतच कळलं.

आत बसून राहिला तर जंतू रुग्णाबरोबरच संपेल. बाहेर पडण्यासाठी त्याला पेशी फुटायला हवी, आणि तीही नेमक्या पद्धतीने. बाधित पेशीने शिस्तीत आत्मनाश केला तर शेजारच्या पेशी तिला जंतूंसकट गिळून पचवू शकतात. ती फुटून सांडली तर जंतू मोकळे होतात. क्षयाच्या जंतूकडे पेशीतलं एनएडी हे अत्यावश्यक रसायन संपवून तिला असं मारणारं विषच आहे. गाठीचा गर पातळ होऊन श्वासनलिकेत ओघळला की फुप्फुसात पोकळी राहते. एक्स-रेवर दिसतो तो हाच भाग. हवा खेळू लागल्यावर तिथे जंतू कोट्यवधींनी वाढतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी दाखवलं की जंतूच्या आवरणातला एक गंधकयुक्त मेद मज्जातंतूंना थेट चेतवून गिनिपिगांना खोकायला लावतो. खोकलासुद्धा त्याच्याच सोयीचा!

गोळ्यांचा कोर्स सहा महिन्यांचा का, याचं उत्तर या सगळ्यात आहे. चार औषधं सुरू झाली की पोकळीतले भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, लघवी नारिंगी होते एवढीच काय ती त्यांतल्या रिफॅम्पिसिनची आठवण, आणि दुसऱ्या महिन्यात माणसाला वाटतं आता कशाला. उरतात ते आम्लात, गरात, पेशींच्या पोटात निपचित पडलेले. आम्लातच जोर धरणारं पायराझिनामाइड सुरुवातीच्या दोन महिन्यांत जोडलं गेलं आणि त्यामुळेच नऊ महिन्यांचा कोर्स सहावर आला. कोर्स अर्ध्यावर सोडणाऱ्याला बेजबाबदार म्हणणं मला पटत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला बरं वाटत असताना चार महिने गोळ्या घ्यायला लावायचं तर त्याला निदान हे तरी सांगायला हवं की त्या गोळ्या नेमक्या कुणासाठी आहेत.

अर्धवट उपचारांतून आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरून औषधांना न जुमानणारे जंतू मुंबईत वाढले. २०१२च्या सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांनी, तपासलेली सगळी औषधं निष्प्रभ ठरलेले काही रुग्ण जाहीर केले तेव्हा जगभर खळबळ उडाली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे उपचार वीस महिन्यांपर्यंत चालायचे. २०२४ मध्ये भारताने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचारांना मान्यता दिली. यातलं बेडाक्विलिन जंतूचं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, बनवणारं यंत्रच बंद पाडतं. झोपलेल्या जंतूचं ते यंत्र अगदी मंद चालू असतं, पण चालू असतं. त्यामुळे न वाढणाऱ्या जंतूवरही हे औषध लागू पडतं, फक्त त्याला मरायला काही दिवस लागतात.